मुठीचं धान्य आणि महिला मंडळाचं वर्षभराचं काम

मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, महिला मंडळाचं काम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे अधिवेशन येतं. एका रंगाच्या साड्या, बॅनर, बाहेरगावचे वक्ते. तेही असावं, पण मंडळ चालतं ते चुलीशेजारच्या डब्यावर. ज्या मंडळीत घरोघरी मुठीचा डबा, म्हणजे प्रभूसाठी मूठभर धान्य टाकायचा डबा आहे, तिथलं महिला मंडळ पाळक (पास्टर) बदलले तरी टिकतं. जिथं डबा बंद पडला, तिथं दोन वर्षांत मंडळ नाताळापुरतं उरतं. म्हणून आधी डब्याबद्दल लिहिते, बाकीचं त्याच्या मागोमाग येईल.

मूठभर धान्य बाजूला काढायची रीत ईशान्येकडच्या मंडळ्यांत फार रुजलेली आहे. मिझोराममध्ये बायका १९१० पासून प्रत्येक जेवणाच्या वेळी शिजवायच्या तांदळातली एक मूठ प्रभूसाठी वेगळी ठेवतात आणि त्यातून सुवार्तेच्या कामाचा मोठा खर्च निघतो. आपल्याकडे ही रीत जशीच्या तशी उचलली की फसते. कारण साधं आहे. तिथं दोन्ही वेळा तांदूळ मोजून पातेल्यात पडतो, म्हणजे हात रोज धान्यात जातो. मराठवाड्यात हात रोज पिठात जातो. ज्वारी गिरणीत जाते ती आठवड्याच्या दळणाला. रोज मूठ काढा असं सांगितलं तर बाई पीठ काढणार, आणि ज्वारीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट व्हायला लागतं. महिनाअखेरीला गोळा केलेलं पीठ ना विकता येतं ना कुणाला देता येतं. बऱ्याच ठिकाणी उपक्रम इथंच बसला आणि दोष बायकांच्या श्रद्धेला दिला गेला.

तेव्हा मूठ दळण काढताना काढायची. ज्वारी निवडून पाखडून झाली की पिशवीत भरण्याआधी घरातल्या माणशी एक मूठ डब्यात. बाईची मूठ म्हणजे साधारण ३५ ते ४० ग्रॅम. पाच माणसांच्या घरात दळणाला पाच मुठी, म्हणजे पावणेदोनशे-दोनशे ग्रॅम. महिन्याला चार दळणं धरली तर घरामागे ७०० ते ८०० ग्रॅम. तीस घरांचं मिळून २१ ते २४ किलो. किलोला ३० रुपये भाव धरला तर महिन्याला सव्वासहाशे ते सव्वासातशे रुपये. रक्कम लहान आहे, पण ती दर महिन्याला येते आणि कुणाच्या नवऱ्याकडे मागावी लागत नाही. ज्या घरात बाईच्या हातात रोख पैसा नसतो, तिथं धान्यावर मात्र तिचाच हात असतो. ही गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. भात रोज शिजतो त्या घरात तांदळाची मूठ रोज काढता येते, पण तिचा डबा वेगळा हवा.

वेगळा हवा हे नुसतं सांगून भागत नाही, कारण सगळ्यात जास्त नासाडी मिसळीनं होते. ज्वारी, गहू, तांदूळ एकत्र झाले की ते धान्य कोंबड्यांच्या भावानं जातं. ज्वारीतही रब्बीची मालदांडी वेगळी आणि खरिपाची हायब्रीड वेगळी. दोन्ही एका पोत्यात गेल्या की भाव हायब्रीडचाच मिळतो. पावसात सापडून काळी पडलेली ज्वारी कोठीत घालूच नये. तिला बुरशीचा वास येतो, आणि देवाला वाहिलेलं म्हणून ती कुणाच्या पोटात घालणं बरोबर नाही. अशा वेळी त्या ताईला चारचौघींत परत करू नका. घ्या, वेगळी ठेवा, गुरांनाही घालू नका, टाकून द्या, आणि नंतर तिला एकटीला सांगा.

गोळा करणाऱ्या दोघी असाव्यात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीननंतर. बरोबर तीन कापडी पिशव्या आणि एक तराजू. मापट्यानं मोजू नये, एकीचं मापटं शिगोशीग असतं आणि दुसरीचं सपाट, त्यावरून बोलणं होतं. वहीत घराच्या नावापुढे फक्त बरोबरची खूण करायची. कुणाचं किती भरलं ते लिहायचं नाही आणि सभेत वाचायचं तर मुळीच नाही. एकूण वजन तेवढं लिहायचं. बायबलमधल्या गरीब विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे अगदी लहान नाणी, प्रभूनं पाहिल्या, पण आपण त्या यादीत मांडल्या की पुढच्या महिन्यात ती दार उघडत नाही. एखाद्या घराचा डबा रिकामा असेल तर ‘बरं आहे काकू, पुढच्या महिन्यात’ एवढंच म्हणून दोन मिनिटं टेकायचं. लागोपाठ दोन महिने डबा रिकामा असेल तर त्या घरात काहीतरी अडलं आहे असं समजावं. मजुरी थांबली असेल, आजारपण असेल. त्या घरी धान्य न्यायची वेळ आलेली असते.

रेशनच्या धान्याचं एक बघावं लागतं. अनेक घरांत गहू-तांदूळ रेशनचाच असतो, आणि रेशनचं धान्य बाजारात विकणं कायद्यात बसत नाही. म्हणून तो गहू-तांदूळ विकायचा नाही, वाटायचा किंवा प्रीतिभोजनात, म्हणजे मंडळीच्या एकत्र जेवणात, शिजवायचा. ज्वारी विकायची असेल तर आधी मंडळीतल्याच घरांना बाजारभावानं विचारावं. आडत नाही, हमाली नाही, आणि घेणाऱ्यालाही निवडलेली ज्वारी मिळते.

साठवण पावसाळ्यात बिघडते. श्रावणात सोंडकिडे होतात, भादव्यात पोतं हाताला गरम लागतं. धान्य दोन-तीन तास कडक उन्हात ताडपत्रीवर पसरावं, मग सावलीत पूर्ण गार होऊ द्यावं आणि नंतरच कोठीत भरावं. घाईनं ऊन-ऊन भरलं की आत वाफ धरते आणि तिथूनच बुरशी सुरू होते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळलेला घालावा, ओला पाला घातला तर फायद्याऐवजी ओल वाढते. जून ते सप्टेंबर दोन महिन्यांपेक्षा जास्त साठा ठेवूच नये. बोरिक पावडर किंवा किडीच्या गोळ्या अंदाजानं घालणाऱ्या असतात, त्यांना थांबवावं. हे धान्य बाळंतिणीच्या घरीही जायचं असतं.

आता सभा. शहरात बुधवार किंवा गुरुवारची दुपार बरी पडते, गावात रात्री आठनंतर. एकूण सव्वा तास, त्याच्या पुढे नको. एक गीत, प्रार्थना, मागच्या सभेचं इतिवृत्त, शास्त्रपाठ (बायबलमधलं वाचन), पंधरा मिनिटांचा संदेश, मग प्रार्थनेच्या विनंत्या आणि मध्यस्थीची म्हणजे इतरांसाठीची प्रार्थना, थैली (दान गोळा करणं), आशीर्वाद. विनंत्या वहीत लिहून घ्याव्यात आणि पुढच्या सभेत आधी त्यांचंच विचारावं. ‘शांताबाईंच्या सुनेचं काय झालं?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही तर विनंती सांगणारी हळूहळू गप्प होते. दुसरं असं की घरातली भांडणं विनंतीच्या नावाखाली सभेत येतात. सुनेसाठी प्रार्थना करा म्हणत सासू सगळं सांगून टाकते. सभा चालवणारीनं तिथं नरमाईनं थांबवावं: ‘मावशी, नाव प्रभूला माहीत आहे, आपण तेवढंच ठेवू.’ सभेनंतर तिच्या घरी जाऊन बसावं. मोठ्या मुलींना आणि नव्या सुनांना शास्त्रपाठ द्यावा, पण आदल्या आठवड्यात सांगून. ऐन वेळी पुस्तक हातात दिलं की अडखळणारी बाई पुन्हा येत नाही. जिला वाचता येत नाही तिला भजन सांगू द्या. टाळ-ढोलकीवरचं भजन मराठी ख्रिस्ती घरांत तीन-चार पिढ्यांपासून आहे, ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी ही वाट मोकळी करून दिली. ज्यांना वाचता येत नाही अशा कितीतरी आज्यांना भजनांची कडवीच्या कडवी पाठ असतात.

आणि चहा. घरोघरी आळीपाळीनं सभा असली की पहिल्या घरी चहा-बिस्कीट होतं, दुसऱ्या घरी पोहे, तिसऱ्या घरी पोहे आणि जिलेबी. चौथी बाई रोजंदारीवर जाणारी असते. ती आपली पाळी पुढं ढकलते, मग सभेला यायचंच टाळते, आणि कारण कुणाला कळत नाही. यावर नियमच हवा: फक्त चहा, सोबत मुरमुरे किंवा फुटाणे, आणि तो नियम सगळ्यात आधी पैसेवाल्या घरानं पाळायचा. पंधरा बायकांना अर्धा लिटर दूध, पाव किलो साखर आणि ४० ग्रॅम चहापत्ती पुरते. दूध-साखर मंडळाच्या खर्चातून गेली तरी चालेल.

मयताच्या घरचं काम मात्र सगळ्यात आधी आणि न सांगता व्हावं. बातमी आली की दोघींनी घरी जायचं, चौघींनी चुलीकडे. दफन होईपर्यंत त्या घरात चूल पेटत नाही आणि बाहेरगावची माणसं येत राहतात. ४० माणसांचं एक जेवण धरा: माणशी दोन भाकरी म्हणजे ८० भाकरी. किलोभर पिठाच्या दहा भाकरी होतात, तेव्हा ८ किलो पीठ. पिठल्याला दीड किलो बेसन, दीड किलो कांदा, पाव किलो लसूण, अर्धा लिटर तेल, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वेगळा. सवयीची बाई तासाला वीस-पंचवीस भाकरी करते, म्हणजे चार चुलींवर चौघी बसल्या की तासाभरात काम उरकतं. बेसन आधी गार पाण्यात कालवून घ्यावं. उकळत्या पाण्यात कोरडं बेसन पेरून एवढं मोठं पिठलं करायला गेलं की गाठी होतात आणि तळ लागतो.

इथं पिठाचं लक्षात ठेवावं. मयताच्या वेळी चार घरांतून पीठ गोळा होतं आणि त्यातलं एखादं जुनं निघतंच. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) गेलेली असते, थापताना भाकरी कडेला चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. ते पीठ नव्यात मिसळू नका, नाहीतर सगळंच तुटायला लागेल. वेगळ्या परातीत घ्या, खळखळतं आधण ओता, उलथन्यानं हलवून झाकून ठेवा आणि कोमट झालं की तळहाताच्या टाचेनं चांगलं मळा. उकडीनं पीठ धरून राहतं. अशी भाकरी जराशी जाड थापावी. आणि मुठीच्या कोठीतली पाच किलो ज्वारी दर आठवड्याला दळून ताजं पीठ तयार ठेवलं, तर रात्री दोन वाजता गिरणीवाल्याला उठवावं लागत नाही. आठवडा संपताना ते उरलं तर सभेतल्या बायकांनी विकत घ्यावं आणि नवं दळावं.

तिसऱ्या दिवसानंतर गर्दी ओसरते, खरं सांत्वन तिथून पुढं लागतं. विधवा झालेल्या बाईकडे पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा तरी जोडीनं जायचं. उपदेश करायला नाही. मृत्यूचा दाखला, बँकेचं खातं, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, शिधापत्रिकेवरची नावं, हे कागद तिच्या एकटीनं होत नाहीत. तहसीलला तिच्याबरोबर जाणं हेही मंडळाचंच काम आहे. बायबलमधल्या दुर्कसनं यापो गावातल्या विधवांसाठी अंगरखे शिवले. आपल्याकडे आज त्या जागी अर्जाचा कागद आहे.

आजाऱ्यांच्या भेटीला दोघींनीच जावं. दवाखान्यात पाच-सहा जणी गेल्या की वॉर्डातल्या सिस्टर वैतागतात, आणि त्यांचं बरोबर असतं. दहा मिनिटं बसायचं. कापलेली फळं न्यायची नाहीत. सोबत्याला भाकरी-भाजी, गरम पाण्याचा थर्मास आणि एक स्वच्छ सुती चादर जास्त उपयोगाची. जनरल वॉर्डात मोठ्यानं प्रार्थना करू नये. आधी विचारावं: ‘काकू, दोन मिनिटं प्रार्थना केली तर चालेल का?’ नको म्हणाल्या तर हात हातात घेऊन बसावं, प्रार्थना घरी येऊन करावी. शेजारच्या खाटेवर कोण कुठल्या धर्माचं आहे हे न पाहता त्यांनाही पाणी द्यावं. मदतीच्या बदल्यात सभेला या असं कधीच सुचवू नये. ज्वारीच्या पिशवीबरोबर धर्मप्रचाराची पत्रिका ठेवली की ती देणगी राहत नाही, गरजेत सापडलेल्या माणसावर आपण ओझं टाकतो, आणि मंडळीवरही नको तो संशय येतो. कुणी आपणहून विचारलं तर आपली आशा कशावर आहे हे जरूर सांगावं. पण विचारू द्यावं. रोग्याचा फोटो काढू नये, मग मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा प्रश्नच येत नाही.

मराठवाड्यात सेवेचं एक काम कॅलेंडरवर आधीच लिहून ठेवावं लागतं, ते म्हणजे ऊसतोडीला जाणारी घरं. बीड, जालना, परभणी, धाराशिव भागातल्या कितीतरी मंडळ्या दसरा-दिवाळीनंतर अर्ध्या रिकाम्या होतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास पुन्हा भरतात. नाताळला गावात म्हातारी माणसं आणि लेकरं. मंडळानं दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात प्रत्येक जाणाऱ्या बाईची एक पिशवी करावी. नंतर केली तर मुकादमाची गाडी गेलेली असते. पिशवीत पाच महिन्यांचे म्हणजे किमान ४० पॅड किंवा धुऊन वाळवलेलं सुती कापड, आशाताईंकडून घेतलेल्या लोहाच्या गोळ्या, मलमपट्टी, कारण कोयत्यानं पाय कापतोच, जाड प्लास्टिकमध्ये आधार आणि शिधापत्रिकेच्या झेरॉक्स, लहान लेकरू असेल तर लसीकरणाचं कार्ड. शिधापत्रिका आधारशी जोडलेली असेल तर रेशन दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातही मिळतं, हे तिला समजावून सांगावं. झेरॉक्सच्या मागं तीन फोन नंबर पेनानं लिहावेत, मोबाइल चार्ज नसतो तेव्हा तेच कामी येतात.

आणखी एक गोष्ट तोंडी सांगायची. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती बसली. पोटात दुखतं, अंगावर जातं म्हणून कुणी थेट ऑपरेशन सांगितलं तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नकोस, एवढं वाक्य प्रत्येकीच्या कानावर घालावं. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी शाळेत हंगामी वसतिगृहाची सोय आहे का हे मुख्याध्यापकांना ऑक्टोबर उजाडायच्या आत विचारावं. आजीकडे राहणाऱ्या लेकरांना संध्याकाळी एक तास अभ्यासाला बसवणं ही सुवार्तेइतकीच सेवा आहे, असं मला मनापासून वाटतं.

जागतिक प्रार्थना दिन मार्चच्या पहिल्या शुक्रवारी असतो. दरवर्षी एका देशातल्या बायका उपासनाक्रम लिहितात, २०२५ ला कुक बेटांच्या, २०२६ ला नायजेरियाच्या. मराठी क्रम हातात आला की फेब्रुवारीत दोन सभा त्यावरच घ्याव्यात, नाहीतर त्या दिवशी परक्या देशाची अवघड नावं वाचण्यातच वेळ जातो. तो देश नकाशावर दाखवावा, तिथलं पीक काय, पाणी कसं, बायका कामाला कुठं जातात हे दहा वाक्यांत सांगावं. मार्चमध्ये इकडे शाळूची काढणी असते आणि दहावीची परीक्षाही, म्हणून गावात ही उपासना दिवे लागल्यावर ठेवावी. सगळ्या चर्चच्या बायका एकत्र याव्यात हा त्या दिवसाचा हेतूच आहे. मेथडिस्ट, सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी), कॅथलिक, जे गावात असतील त्यांना चिठ्ठी नव्हे, घरी जाऊन बोलावणं करावं.

हंगामाच्या सणाचा, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या दिवसाचा लिलाव थोडक्यात. भोपळा, गावरान अंडी, शेवया, पापड, कोंबडी, बोली चढते आणि आनंद होतो. पुढं वसुली अडते. बोली लागली की नाव आणि रक्कम दोघींनी दोन वह्यांत लिहावी, रोख किंवा मोबाइलवरून त्याच दिवशी, फार तर आठ दिवसांत. त्याच वस्तूचा पुन्हा पुन्हा लिलाव करायचा तर कोंबडीला सावलीत पाणी ठेवा.

पैशाचं शेवटचं. खातं मंडळाच्या नावावर, दोन सह्यांचं. थैलीतले पैसे सभेतच दोघींनी मोजून वहीत लिहावेत, घरी नेऊन नाही. ज्या बायका महिला मंडळात त्याच बचत गटात असतात, त्यामुळे गटाचा हप्ता अडला की मंडळाच्या पैशांकडे हात जातो. ‘आठ दिवसांत टाकते’ म्हणणारीची नियत चांगलीच असते, पण ऊस गेला नाही, कापसाचा भाव पडला, की आठ दिवसांचे आठ महिने होतात. मंडळाचा पैसा उसना द्यायचा नाही, गरज असेल तर ठराव करून मदत म्हणून द्यायचा. परदेशातून कुणी पैसे पाठवतो म्हणालं तर एफसीआरएची (परदेशी देणगीच्या कायद्याची) नोंदणी नसताना ते खात्यात घेता येत नाहीत. खर्चात प्रवास मोठा असतो. एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांपुढच्यांना मोफत, म्हणून गावभेटीला खाजगी जीप करण्याआधी बसचं वेळापत्रक बघावं आणि एखाद्या आजीला बरोबर न्यावं. तिला गावातली सगळी घरं माहीत असतात.

जानेवारीत खजिनदार बदलली की वही, पासबुक, तराजू, कोठीची किल्ली आणि प्रत्यक्ष धान्य तिघींसमोर मोजून द्यावं. कोठी त्या दिवशी पूर्ण रिकामी करावी, तळाशी साचलेला भुसा झाडावा, धुऊन दोन दिवस उन्हात पालथी घालावी. जुन्या धान्यातले किडे नव्यात जातात ते याच तळातून.